नारायण मेघाजी लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे (१८४८ – ९ फेब्रुवारी १८९७) हे एकोणिसाव्या शतकातील कामगार पुढारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' या साप्ताहिकाचे संपादक होते. भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. रविवारच्या साप्ताहिक सुटीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. त्यामानाने त्यांच्या कार्याचा दुसरा भाग कमी परिचित आहे. कामावर इजा झालेल्या मजुराची जबाबदारी मालकाने घ्यावी, ही मागणी त्यांनी गिरणी कामगारांच्या वतीने १८८४ मध्येच सरकारपुढे ठेवली होती. गिरण्यांत राबणाऱ्या बायका व मुले यांच्या कामाच्या तासांना आळा घालणाऱ्या १८९१ च्या कायद्यापूर्वी जी चौकशी झाली, तिच्यातही त्यांचा प्रत्यक्ष सहभाग होता.

पूर्वजीवन

लोखंडे यांचे घराणे फुलमाळी समाजातील असून त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात असलेले कन्हेरसर होय. उपजीविकेसाठी हे कुटुंब ठाणे येथे येऊन राहिले. नारायणरावांचे शिक्षण माध्यमिक इयत्तांपर्यंत झाले. घरच्या परिस्थितीमुळे पुढे शिकता न आल्याने त्यांनी प्रथम रेल्वेत व नंतर टपाल खात्यात नोकरी केली. त्यानंतर मुंबईत मांडवी येथील एका कापड गिरणीत ते भांडारपाल, म्हणजे त्या काळच्या भाषेत स्टोअरकीपर, म्हणून काम करू लागले.

ही नोकरी त्यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. ते यंत्रावर काम करणारे मजूर नव्हते, पण गिरणीच्या आत होते. कामगार केव्हा येतात, केव्हा सुटतात, पगार किती दिवसांनी मिळतो, दंड कसा कापला जातो आणि इजा झालेल्या माणसाचे पुढे काय होते, हे त्यांना रोज दिसत होते. कामगारांची बाजू मांडणारे त्या काळातील इतर बहुतेक सुशिक्षित लोक गिरणीच्या बाहेरचे होते.

गिरण्यांतील परिस्थिती

कावसजी दावर यांनी स्थापन केलेली मुंबईची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. पुढील तीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांत रत्नागिरी, सातारा, पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतून आलेल्या कुणबी, मराठा, माळी, महार अशा अनेक समाजांतील लोकांनी काम पत्करले. यातील बहुसंख्य लोकांनी त्यापूर्वी वाफेवर चालणारे यंत्र पाहिलेलेही नव्हते.

गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे काम उजाडताच सुरू होई आणि अंधार पडेपर्यंत चाले. हिवाळ्यात दिवस लहान असल्याने तास थोडे कमी भरत, तर उन्हाळ्यात ते तेराच्याही वर जात. दुपारच्या विश्रांतीची वेळ ठरलेली नव्हती आणि अनेक ठिकाणी यंत्र चालू असतानाच कामगार आळीपाळीने भाकरी खात. सुटीचा दिवस बहुधा यंत्रांच्या सफाईत जाई, म्हणजे सुटी यंत्राला असे, माणसाला नसे. पगार महिना उलटून गेल्यावर बऱ्याच उशिराने मिळत असल्याने कामगार वाण्याच्या व सावकाराच्या कर्जात अडकत. कामावर घेणे आणि कामावरून काढणे हे जॉबरच्या हाती होते व त्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे.

सूतकताईच्या खात्यात मुलांची संख्या मोठी असे. भरलेल्या बॉबिनी काढणे, रिकाम्या बसवणे आणि तुटलेले धागे जोडणे ही कामे लहान व चपळ बोटांची मानली जात आणि ती फिरत्या चात्यांजवळ उभे राहूनच करावी लागत. त्यासाठी वेगळे शिक्षण असे काही नव्हते. मूल आई, बाप किंवा गावच्या एखाद्या माणसाबरोबर गिरणीत येई आणि शेजारच्याचे पाहून शिके. फिरते पट्टे आणि दातेरी चाके कोठे उघडी आहेत, चालू यंत्रात हात कोठे घालू नये, हे सांगण्याची जबाबदारी कोणावरही ठरवून दिलेली नव्हती. एखादे बोट वा हात गेल्यास कामगाराला गावी परतण्यावाचून बहुधा गत्यंतर नसे. अपघाती मृत्यूबाबत १८५५ चा एक कायदा होता खरा, पण त्यासाठी मालकाविरुद्ध दिवाणी दावा लावावा लागे आणि ते मजुराच्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते.

१८८१ चा कारखाना कायदा

गिरण्यांतील स्थितीची पहिली चौकशी मुंबई सरकारने १८७५ मध्ये नेमलेल्या समितीने केली, परंतु कायदा करण्याबाबत समितीच्या सदस्यांत एकमत झाले नाही. त्यानंतर सोराबजी शापुरजी बंगाली यांनी कायद्याचा एक मसुदा तयार करून हा प्रश्न लावून धरला. अखेर १८८१ मध्ये भारताचा पहिला कारखाना कायदा संमत झाला.

या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. सात ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास काम, एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्या ठरवून दिल्या. धोक्याच्या यंत्रांभोवती कठडे घालणे आणि अपघाताची खबर देणे हेही बंधनकारक झाले. मात्र हा कायदा शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या, यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. चहा, कॉफी व नीळ यांचे मळे त्यातून वगळलेले होते. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांबद्दल त्यात एक अक्षरही नव्हते. निरीक्षणासाठी स्वतंत्र व जाणकार अधिकारी फार थोडे असल्याने ते काम बऱ्याच ठिकाणी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडेच राहिले. शिवाय जन्मनोंदीची पद्धत रुळलेली नसल्यामुळे मुलाचे वय ठरवणे हीच एक अडचण होऊन बसली.

या कायद्याला देशी वृत्तपत्रांतून मोठा विरोध झाला. लँकेशायरचे गिरणीमालक स्पर्धेच्या भीतीने भारतात असे कायदे व्हावेत म्हणून दडपण आणत होते, ही वस्तुस्थिती होती. त्यामुळे कामगारांसाठी केलेला कायदा म्हणजे देशी उद्योगावरील घाव, असे अनेक सुशिक्षितांना वाटले. गोपाळ गणेश आगरकर यांच्या प्रभावाखालील पुण्याच्या 'मराठा' पत्राचा अपवाद इतिहासकार आवर्जून नोंदवतात. लोखंडे यांची भूमिका या वादात वेगळी पडली. कायद्याची मागणी विलायतेतील कोणाच्या हिताची आहे यापेक्षा गिरणीतील मजुराला त्याची गरज आहे की नाही, एवढाच प्रश्न ते लक्षात घेत.

सत्यशोधक समाज आणि 'दीनबंधु'

जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. समाजाच्या विचारांचा प्रसार करण्यासाठी कृष्णराव पांडुरंग भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ पासून पुण्यातच 'दीनबंधु' हे साप्ताहिक सुरू केले. पैशाच्या अडचणींमुळे ते तेथे चालवणे कठीण झाले, तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणून पुन्हा सुरू केले. पुढे गिरणीतील नोकरी सोडून त्यांनी पत्राला व कामगारांच्या कामाला वाहून घेतले.

मुंबईत आल्यावर 'दीनबंधु'चा वाचकवर्ग बदलला. पुण्यात त्याचा मुख्य विषय शेतकरी व भिक्षुकशाही हा होता. मुंबईत त्यात गिरण्यांतील दंड, थकलेले पगार व कामाचे तास यांविषयीचा मजकूर येऊ लागला. बहुतेक कामगार निरक्षर असल्यामुळे चाळीतील एखाद्या वाचता येणाऱ्याच्या तोंडून तो इतरांपर्यंत पोहोचे.

फुले आणि लोखंडे यांचे संबंध गुरुशिष्याचे असले, तरी ते नेहमीच सुरळीत होते असे नाही. फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाचे पहिले भाग 'दीनबंधु'ने १८८३ मध्ये छापले आणि नंतर छपाई थांबवली. ही गोष्ट फुले यांना लागली व त्यांनी आपली नाराजी लपवली नाही. तरीही दोघांतील सहकार्य तुटले नाही. फुले मुंबईतील कामगारांच्या सभांत बोलत राहिले, आणि ११ मे १८८८ रोजी मांडवीच्या कोळीवाडा सभागृहात फुले यांना 'महात्मा' ही पदवी देण्यात आली, त्या समारंभामागे लोखंडे व त्यांचे मुंबईतील सत्यशोधक सहकारी होते.

१८८४ च्या सभा व निवेदन

१८८१ च्या कायद्याचा आढावा घेण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये नवे कमिशन नेमले. मुंबईचे कलेक्टर मुलॉक हे त्याचे अध्यक्ष होते. कमिशनसमोर मालकांची बाजू मांडणारे पुष्कळ होते, कामगारांची बाजू मांडणारे जवळपास कोणी नव्हते. ही उणीव ओळखून लोखंडे यांनी २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळ येथे गिरणी कामगारांची सभा भरवली आणि २६ सप्टेंबरला दुसरी सभा घेतली. तेथे मंजूर झालेल्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या व अंगठे केले. भारतातील औद्योगिक कामगारांनी स्वतःच्या मागण्या एकत्रितपणे सरकारपुढे ठेवल्याचे हे सुरुवातीचे व महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

निवेदनात पाच मागण्या होत्या. सर्व कामगारांना दर रविवारी पूर्ण दिवस सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा. पाचवी मागणी अपघातांविषयी होती. कामावर गंभीर इजा झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य तरतूद करावी, असे तिचे स्वरूप होते.

पहिल्या चार मागण्यांपैकी बहुतेकांना पुढील काही वर्षांत कोणत्या ना कोणत्या रूपात यश आले. पाचवीला मात्र जवळपास चाळीस वर्षे वाट पाहावी लागली. वास्तविक ती सर्वांत दूरदर्शी होती. इजा झाल्यास कामगारालाच दोष देऊन त्याला घरी पाठवण्याची रीत होती, तोवर यंत्रावर कठडा घालण्यात किंवा नव्या पोराला काम नीट शिकवण्यात मालकाचा कोणताही आर्थिक फायदा नव्हता. अपघाताचा खर्च मालकाच्या वहीत लिहिला जाऊ लागताच ही स्थिती बदलणार होती. निवेदनात हा युक्तिवाद अशा शब्दांत मांडलेला नसला, तरी मागणीचा परिणाम तोच होता.

याच काळात 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही संघटना आकारास आली. तिची स्थापना काही अभ्यासक १८८४ मध्ये, तर काही १८९० मध्ये झाली असे मानतात. लोखंडे तिचे अध्यक्ष होते. आजच्या अर्थाने तिला कामगार संघ म्हणणे कठीण आहे, कारण तिला सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती व लेखी नियमही नव्हते. कामगार लोखंडे यांच्याकडे गाऱ्हाणे घेऊन येत आणि ते त्यांना सल्ला देत, अर्ज लिहून देत व अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करत, असे तिच्या कामाचे स्वरूप होते.

रविवारची सुटी

१८८४ च्या कमिशननंतर कायद्यात तातडीने बदल झाले नाहीत. लोखंडे यांनी सभा व अर्ज चालूच ठेवले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर त्यांनी भरवलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले होते. या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्या काळी सार्वजनिक सभेत स्त्रियांनी उभे राहून बोलणे ही दुर्मीळ घटना होती. साप्ताहिक सुटीची मागणी करणारा अर्ज सभेतून गिरणीमालकांच्या संघाकडे पाठवण्यात आला आणि १० जून १८९० रोजी संघाने रविवारच्या सुटीस मान्यता दिली.

रविवार हा खंडोबाचा वार असल्याने मराठी कामगारांना तोच सोयीचा होता, हे कारणही सुटीच्या संदर्भात सांगितले जाते. परंतु मागणीचा मुख्य गाभा विश्रांतीचा होता. आठवडाभर पहाटेपासून अंधारापर्यंत उभ्या असणाऱ्या माणसाचे, त्यातही मुलाचे, लक्ष यंत्रावरून उडणे साहजिक होते.

१८९० चे कमिशन आणि १८९१ चा कायदा

मार्च १८९० मध्ये बर्लिन येथे कामगारविषयक आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि कारखाना कायद्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. त्याच वर्षी भारत सरकारने डॉ. लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली नवे कमिशन नेमले. सोराबजी बंगाली हे त्याचे सदस्य होते आणि मुंबईतील चौकशीसाठी लोखंडे यांची स्थानिक सदस्य म्हणून निवड झाली. सहा वर्षांपूर्वी कमिशनच्या दारात निवेदन घेऊन गेलेला माणूस आता साक्षी घेणाऱ्यांच्या बाजूला बसला होता. कमिशनने कामगार स्त्री-पुरुषांच्या साक्षी नोंदवल्या.

त्यानंतर संमत झालेला कायदा १ जानेवारी १८९२ पासून अमलात आला. कामावर घेण्याचे किमान वय सातवरून नऊ वर्षे झाले. नऊ ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना दिवसाला सात तासांपेक्षा अधिक काम देण्यास बंदी झाली. स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा व दीड तासाची विश्रांती ठरली. दुपारी अर्धा तास काम थांबवणे आणि आठवड्याला एक सुटी देणे सक्तीचे झाले. पन्नास माणसांचे कारखानेही कायद्याच्या कक्षेत आले. पुरुषांच्या तासांना या वेळीही मर्यादा घातली गेली नाही, ती १९११ मध्ये आली. इजा झालेल्यांच्या भरपाईचाही कायद्यात समावेश झाला नाही.

इतर सामाजिक कार्य

विधवांच्या केशवपनाच्या प्रथेविरुद्ध १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी सभा घेऊन हे काम न करण्याचा निर्धार केला. त्यामागे लोखंडे यांची प्रेरणा होती. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तेव्हा दोन्ही समाजांत सलोखा घडवण्यासाठी त्यांनी राणीच्या बागेत सभा भरवली. या कार्याबद्दल सरकारने त्यांना १८९५ मध्ये 'रावबहादूर' हा किताब दिला. ते 'जस्टिस ऑफ द पीस'ही होते.

मृत्यू

१८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेगची साथ आली. गिरणी कामगारांची वस्ती असलेल्या दाट चाळींत तिचा जोर होता आणि हजारो कामगार शहर सोडून गावी गेले. लोखंडे मुंबईतच राहिले व त्यांनी रुग्णांसाठी रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. या कामात असतानाच त्यांना प्लेगची लागण झाली व ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. अवघ्या एका महिन्यानंतर, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचाही त्याच रोगाने मृत्यू झाला.

मूल्यमापन

लोखंडे यांच्या पश्चात मिल हँड्स असोसिएशन टिकली नाही. व्यक्तीवर उभ्या असलेल्या संघटनेचे जे होते तेच तिचे झाले. त्यांच्या मार्गाला अर्ज-विनंत्यांचा मार्ग म्हणून काही अभ्यासकांनी कमी लेखले आहे. त्यांनी संपाचे हत्यार वापरले नाही व सरकारच्या न्यायबुद्धीवर बराच विश्वास ठेवला, हे खरे आहे. पण संघटनेला कायद्याचे कोणतेही संरक्षण नसलेल्या काळात, ज्या कामगाराला जॉबर एका शब्दावर काढून टाकू शकत होता त्याची सही मिळवणे हे लहान काम नव्हते. पुढे १९०९ मध्ये सीताराम केशव बोले व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेली कामगार हितवर्धक सभा हीच परंपरा पुढे नेणारी होती.

कामगार भरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला आणि १८८४ च्या निवेदनातील पाचव्या मागणीला प्रथमच कायद्याचे रूप मिळाले. तरुण कामगारांच्या बाबतीत स्वतंत्र भारतातील १९४८ च्या कारखाना कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात काम देण्यास त्याने बंदी केली. अठरा वर्षांखालील व्यक्तीला धोक्याच्या यंत्रावर ठेवण्यापूर्वी त्या यंत्राच्या धोक्यांची पूर्ण माहिती देणे, आणि तिला पुरेसे प्रशिक्षण मिळालेले असणे किंवा जाणकाराच्या देखरेखीखाली तिने काम करणे, हे त्याच्या २३ व्या कलमाने आवश्यक केले. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, आरोग्य व सुरक्षिततेचे प्रशिक्षण मिळणे हा प्रत्येक कामगाराचा हक्क ठरवण्यात आला. लोखंडे यांच्या काळातील मूल ही माहिती शेजारच्या यंत्रावरील माणसाकडून मिळेल तेवढीच घेत असे.

स्मृती

मुंबईतील परळ येथे असलेल्या राज्य शासनाच्या श्रम विज्ञान संस्थेला लोखंडे यांचे नाव देण्यात आले आहे. कामगार कायदे व कामगार कल्याण या विषयांचे शिक्षण व प्रशिक्षण तेथे दिले जाते. १८८४ ची पहिली सभाही परळमध्येच झाली होती. मनोहर कदम यांनी लोखंडे यांचे मराठी चरित्र लिहिले असून, दीर्घकाळ विस्मरणात गेलेल्या त्यांच्या कार्याकडे त्या ग्रंथाने अभ्यासकांचे लक्ष वेधले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. तरुणपणी ज्या खात्यात त्यांनी काही काळ नोकरी केली होती, ते हेच खाते.